वीज विकणाऱ्याचा सल्ला : हार्टफर्ड ते अमडापूर

आजचा विषय पत्रिकेवर वाचून एक जण मला दारातच म्हणाले, "सर, ट्रक विजेवर चालवायचा म्हणता, इथं आमची मोटार चालेना!" (हशा) त्यांचं म्हणणं मी लिहून ठेवलंय. शेवटी त्याच्याकडेच यायचं आहे. पण आधी थोडं मागं जाऊ.

अमडापूर चिखली-खामगाव रस्त्यावर आहे, घाटावर. खामगाव घाटाखाली. ही साधी गोष्ट तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे व्याख्यान जे दूरवर बसून वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. १८७० साली जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वेफाटा सुरू झाला, लॉर्ड मेयो स्वतः आले होते, कापसाचा बाजार आणि रेल्वे दोन्हींच्या उद्घाटनाला. तेव्हापासून घाटावरचा कापूस बंडीत भरून खाली उतरायचा आणि तिथून रेल्वेनं मुंबईला जायचा. रेल्वे पुढं घाट चढून वर यायला हवी होती. जालना-खामगाव मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आजोबांनी ऐकलं, वडिलांनी ऐकलं, आता नातवंडं ऐकतात. परिणाम काय? या गावातलं प्रत्येक पोतं आजही रस्त्यानंच जातं. बंडी गेली, ट्रक आला, रस्ता तोच. म्हणून डिझेलचा भाव वाढला की तो इथल्या सोयाबीनच्या भाड्यात दिसतो.

आता हा ट्रक विजेवर नेण्याची भाषा चालू आहे. आणि जगात काही ठिकाणी वीज पुरवणारी कंपनीच मालवाहतूकदाराकडे जाऊन म्हणते, की या, तुमच्या गाड्यांचा हिशेब आम्ही मांडून देतो. कॅलिफोर्नियात पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक आणि सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या दोन मोठ्या कंपन्यांचे असे कार्यक्रम आहेत. कुठली गाडी किती किलोमीटर पळते, रात्री कुठं उभी राहते, किती विजेची गरज, कुठला दर परवडेल, जागेवर काय काम करावं लागेल, हे सगळं ते बसून ठरवतात. मीटरपर्यंतचं बांधकाम कंपनी करते. पात्रतेची अट काय, तर किमान दोन गाड्या. दोन! म्हणजे अमडापुरातला दोन ट्रकवाला तिथं असता तर रांगेत उभा राहू शकला असता.

हे सगळं नवीन वाटतं. नवीन नाही. वीज विकणाऱ्यानं ट्रकवाल्याला सल्ला देण्याचा धंदा एकशेदहा वर्षं जुना आहे.

१९१० च्या सुमाराचा काळ डोळ्यासमोर आणा. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांची अडचण एकच होती. संध्याकाळी दिवे लागले की जनित्रं पूर्ण ताकदीनं चालायची, आणि मध्यरात्रीनंतर जवळजवळ रिकामी फिरायची. यंत्रावर घातलेला पैसा झोपून राहायचा. मग रात्री वीज घेणारं गिऱ्हाईक कोण? बॅटरीवर चालणारी गाडी. दिवसा माल पोचवायचा, रात्री तबेल्यात उभं राहून चार्ज व्हायचं. १९१० मध्येच अमेरिकेत इलेक्ट्रिक व्हेईकल असोसिएशन ऑफ अमेरिका स्थापन झाली आणि तिच्यात वीज कंपन्यांचा हात मोठा होता. पाववाले, दारूच्या भट्ट्या, मोठी दुकानं, पार्सल पोचवणारे, हे त्यांचं गिऱ्हाईक. ही माणसं घोडागाडीचा हिशेब जाणत होती: घोड्याचा चारा किती, नाल किती, आजारपण किती. विजेचा हिशेब त्यांना कोणी तरी समजावून देणं भाग होतं.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावची. हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाईट कंपनीनं ओळखलं की ट्रकवाला गाडीला घाबरत नाही, तो बॅटरीला घाबरतो. महाग आहे, किती दिवस टिकेल माहीत नाही, बिघडली तर दुरुस्त कोण करणार? मग त्यांनी व्यवस्था अशी लावली: गाडी तुम्ही जनरल व्हेईकल कंपनीकडून बिनबॅटरीची घ्या, बॅटरी आमची. रिकामी झाली की आमच्याकडं या, भरलेली घेऊन जा. दर महिन्याला एक ठरावीक रक्कम आणि वर मैलामागे आकार. जोखीम ज्याला बॅटरी कळते त्याच्याकडे, आणि चाक ज्याला रस्ता कळतो त्याच्याकडे. ही सेवा १९१० ते १९२४ चालली आणि तिच्यावर साठ लाख मैलांहून जास्त वाहतूक झाली. आज बॅटरी बदलण्याची स्टेशनं म्हणून ज्याची जाहिरात होते, ते हेच.

मग १९२४ ला बंद का पडलं? पेट्रोलचे ट्रक स्वस्त झाले, रस्ते सुधारले, गाडी शहराबाहेर लांब जाऊ लागली. बॅटरीचं राज्य गावाच्या वेशीपर्यंतच होतं. इतिहासात असं नेहमी होतं, की हरलेलं तंत्र वाईट असतंच असं नाही, त्याच्या भोवतीचा नकाशा बदलतो.

आता मुंबईला येऊ. कारण आपल्याकडे तर वीज कंपनीनं सल्ला दिला नाही, तिनं गाड्याच विकत घेतल्या. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. त्या कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, म्हणजे आपली बेस्ट. नावातच बघा, आधी वीजपुरवठा, मग ट्राम. तिनं वाडीबंदरला वीजकेंद्र उभारलं, ट्रामचा धंदा घेतला, आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम रस्त्यावर आणली. घोडे गेले. १५ जुलै १९२६ ला त्याच कंपनीनं बस सुरू केली, ती मात्र तेलावर. ऑगस्ट १९४७ मध्ये बेस्ट महापालिकेकडे आली. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली.

मधे एक छोटा प्रकार झाला, जो बरेच जण विसरतात: ट्रॉलीबस. टायरची बस, पण वरच्या तारेतून वीज घेणारी. ११ जून १९६२ ला गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी सुरू झाली आणि २४ मार्च १९७१ ला बंद. नऊ वर्षंही नाहीत. स्वतःची वीज असलेल्या संस्थेला विजेची बस टिकवता आली नाही, हे मला फार बोलकं वाटतं. वीज हातात असणं आणि गाडी परवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एसटीचं थोडक्यात सांगतो. १ जून १९४८ ला पहिली एसटी नगर-पुणे मार्गावर धावली. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर शिवाई ही विजेची बस आली. तारीख मुद्दाम साधली होती. त्यानंतर २०२३ मध्ये ५१५० ई-बसचा मोठा करार झाला, आणि बसा ठरल्या वेळेच्या फार मागं पडत आल्या.

आता दारातल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे. 'मोटार चालेना.' वीज विकणाऱ्याचा सल्ला या गावानं एकदा घेतलेला आहे! २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं, पंपाच्या जोडण्यांना पैसा आला. मोट सोडा, ऑइल इंजिन सोडा, विजेची मोटार बसवा, हाच सल्ला. आणि तो चांगला सल्ला होता, त्यानं विहिरीचं पाणी वर आलं. पण मोटारी वाढल्या तशी डीपी वाढली नाही. सत्तरच्या दशकात मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी आली, मग किती वीज जाते ते कोणी मोजेना. व्होल्टेज पडलं, वाइंडिंग जळालं, डीपी जळाली. सल्ला देणारा जोडणी देऊन गेला, भार मोजायला परत आला नाही.

म्हणून ट्रकचा हिशेब मोटारीच्या भाषेत मांडू. मध्यम आकाराचा ई-ट्रक ढोबळ मानानं किलोमीटरला एक युनिट घेतो असं धरा. खामगावला जाऊन येऊन अंतर शंभरच्या आत. तरी शंभर युनिट धरू. रात्री आठ तासांत सावकाश भरले तर साडेबारा किलोवॅट, थोडी गळती धरून चौदा. पाच हॉर्सपॉवरच्या चार मोटारी. पण तोच ट्रक घाईनं ६० किलोवॅटच्या चार्जरवर लावला तर सोळा मोटारी एकदम सुरू केल्यासारखं. शंभर केव्हीएच्या डीपीचा निम्म्याहून जास्त भार एका ट्रकनं खाल्ला! तेवढ्याच युनिटला. बिलात मागणी आकार म्हणून जो रकाना असतो, तो या घाईची किंमत आहे. ट्रकवाल्याला गाडी विकणारा हे सांगत नाही. त्याला चार्जरचा आकडा जितका मोठा तितका बरा.

आणखी एक. शेतातल्या जोडणीवर ट्रक चार्ज करू, असं कोणाच्या मनात असेल तर काढून टाका. शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागतं. चार्जिंग स्टेशनसाठी वीज नियामक आयोगानं २०१८ मध्ये वेगळा दरवर्ग केलेला आहे.

आता गंमत बघा. हार्टफर्डचा सल्ला होता, रात्री भरा. आज तो उलटतोय. सौर वीज दुपारी भरपूर. केंद्राच्या २०२३ च्या नियमानं उन्हाच्या तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान वीस टक्के कमी ठेवायचा आहे, आणि १० किलोवॅटवरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार दर एप्रिल २०२४ पासून. मग भरदुपारी अमडापूरचा ट्रक कुठं असतो? बाजार समितीच्या आवारात, काट्याच्या रांगेत. म्हणजे चार्जर गावात कमी आणि खामगावच्या आवारात जास्त लागतो. हे मुंबईत बसून सुचत नाही, ते ट्रकवाल्याला विचारावं लागतं.

माझ्या ओळखीच्या एका ट्रकमालकाशी मी हे बोललो. त्यांनी मला उलट शिकवलं. म्हणाले, "सर, आमचा माल खाली जातो, वर येताना गाडी बहुतेक हलकी असते. घाट उतरताना आम्ही ब्रेक जाळतो." मी थक्क झालो. विजेच्या गाडीत ब्रेक लावताना मोटार जनित्र होते आणि बॅटरीत वीज परत जाते. भरलेली गाडी उतरणार, हलकी चढणार. घाटाखालच्या माणसाला हे भाग्य नाही. (हशा) अर्थात खत आणि सिमेंट वर चढतं, तेव्हा हिशेब फिरतो.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी आहेत, एका गाडीला जास्तीत जास्त ९.६ लाख. मात्र जुना ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या २०२५ च्या धोरणानं समृद्धीवर टोलमाफी दिली ती प्रवासी गाड्यांना, मालवाहू ट्रकला नाही. महावितरण चार्जिंगसाठी राज्याची नोडल संस्था आहे, जोडणी तिच्याकडूनच मिळते. पण दोन ट्रकवाल्यापुढं बसून किलोमीटर, भार, वेळ आणि डीपी हे चारही रकाने एका कागदावर भरून देणं, हे जोडणी देण्यापेक्षा वेगळं काम आहे. १९७० साली ते कोणी केलं नाही.

प्रश्न आला आहे: "सर, मग आत्ता ट्रक घ्यावा का?" भाऊ, मी इतिहासाचा माणूस. पण एक करा. महिनाभर वहीत लिहा: रोज किती किलोमीटर, माल किती, गाडी कुठं किती तास उभी. आणि तुमच्या डीपीवर केव्हीएचा आकडा रंगवलेला असतो, तो बघून या. ती वही घेऊन उपविभागीय कार्यालयात जा. वहीशिवाय जाल तर ते तुम्हाला नुसता अर्ज देतील.