आरेच्या पाड्यांवरील भाजीच्या वाड्या

गोरेगाव पूर्वेची आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली. तेथील वारली, कोकणा आदी आदिवासींचे पाडे त्याहून जुने आहेत. पाड्यांलगतच्या वाड्यांत पावसाळ्यात काकडी, शिराळी, भेंडी, कारली पिकतात. पाऊस लांबल्यास रोपे सुकतात, तर अतिवृष्टीत उतारावरील माती वाहून जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. लगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानामुळे माकडांचा उपद्रव असतोच. बिबट्या मात्र भाजीसाठी नव्हे, तर कुत्री व कोंबड्यांच्या मागावर येतो. त्यामुळे कुत्र्यांना आकर्षित करणारा कचरा साचू न देणे महत्त्वाचे ठरते. २०२० मध्ये राज्य सरकारने आरेतील ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याचे जाहीर केले. वनासोबत वाडी कसणाऱ्यांचे हक्कही जपले जाणे आवश्यक आहे.