वैमानिक परवाना (भारत)
नागरी विमान चालविण्यासाठी दिली जाणारी शासकीय अनुज्ञा. भारतातील पहिल्या क्रमांकाचा परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ‘विमान नियम, १९३७’ अन्वये परवाने देते. किमान वय शिकाऊ परवान्यास १६, खासगीस १७, व्यावसायिकास १८ व प्रवासी विमानाचे कप्तानपद देणाऱ्या वरिष्ठ परवान्यास २१ वर्षे. व्यावसायिक परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा (वातावरणविज्ञान, मार्गनिर्देशन इ. विषयांची) व २०० तासांचे उड्डाण लागते, पैकी १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून. त्यात ३०० सागरी मैलांचे एक उड्डाण असून वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबावे लागते. वरिष्ठ परवान्यास १,५०० तास. खासगी परवान्यावर मोबदला घेऊन उड्डाण करता येत नाही.