बालचित्रपटांचे पुनरागमन आणि भाषेचा प्रश्न

आल्बेर लामोरिस या फ्रेंच दिग्दर्शकाचे ‘क्रँ-ब्लाँ’ (१९५३) व ‘ल बालाँ रूझ’ (१९५६) हे दोन लघुपट २००७ साली दुरुस्त स्वरूपात अमेरिकेतील चित्रपटगृहांत पुन्हा झळकले. अर्धशतकानंतर मुलांपुढे येणाऱ्या चित्रपटास भाषेचे ओझे कितपत पेलते, हा प्रश्न त्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे.

दुसऱ्या चित्रपटात पॅरिसमधील मुलाच्या मागे फिरणारा तांबडा फुगा आहे. संभाषण जवळजवळ नाहीच. तरीही त्यास पटकथेचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, हे भाषाशास्त्रज्ञाने लक्षात ठेवावे असे आहे. पहिल्यातील रानटी घोड्याची कथा मात्र निवेदनावर चालते. इंग्रजी आवृत्तीसाठी ते नव्याने लिहावे लागले व त्यात जेम्स एजी या लेखकाचा हात होता. चित्र तेच राहिले, निवेदकाची वाणी बदलली.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) पहिल्या वर्गात मोडतो. फाळके यांना चित्रपटाचा ध्यास लागला तोही ख्रिस्तचरित्रावरील एक परदेशी पट पाहून. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी त्यांची कन्या मंदाकिनी केवळ मुद्रेने निरनिराळे भाव दाखविते आणि मग बालकृष्ण होते. तेथे अनुवादकास काम उरत नाही.

आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ची (१९५३) गोष्ट निराळी. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा हा बोलपट आईच्या बोलण्यावर उभा आहे. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ही कथा कृष्णधवल रूपात नव्याने चित्रित केली. परंतु नवनिर्मिती म्हणजे पुनरागमन नव्हे, आणि मूळ पट पडद्यावर पाहण्याची गरज तिने संपत नाही.

हा मूळ पट दौलताबादेत दाखविला तर काय होईल? १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी येथे आणली आणि उत्तरेची बोली दक्षिणेत रुजली. तिचीच पुढे दखनी झाली. तेथील मूल आजही मराठवाडी मराठी व दखनी दोन्ही ऐकत वाढते. श्यामचे घर खोतांचे. खोती ही कोकणातील जमीनव्यवस्था. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखाने पाटील पाहिले, जहागीरदार पाहिले, खोत पाहिला नाही. लिपी एक, भाषा एक, तरी शब्दामागचा व्यवहार अनोळखी. येथे फीत दुरुस्त करून भागणार नाही. खेळापूर्वी शिक्षकाने पाच मिनिटे खोत आणि सोवळे हे शब्द समजावून द्यावेत. आई रागावते केव्हा आणि रडते केव्हा, हे मात्र समजावून देण्याचे कारण नाही.