बैलगाडीचा तुंबा

तुंबा हा बैलगाडीच्या चाकाचा मध्यभाग होय. चाकाचे सर्व आरे त्यात रोवलेले असतात आणि आखाचे टोक त्याच्या पोकळीतून बाहेर येते. खानदेशात, तापी व बोरी नद्यांच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात, लाकडी तुंब्याची जुनी गाडी आणि बेअरिंगच्या हबवर फिरणारी टायरगाडी अशी दोन्ही वाहने वापरात आली. मोडलेले चाक पुन्हा सुताराकडून बांधून घ्यावे की टायरचा जोड बसवावा, हा निर्णय मुख्यतः तुंब्याशी निगडित असतो.

लाकडी तुंबा

पारंपरिक तुंबा बहुधा बाभळीच्या लाकडाचा असतो. त्याच्या पोकळीत आवण, म्हणजे लोखंडी नळी, ठोकून बसवतात. आख स्थिर राहतो, तिच्यासह चाक त्याच्याभोवती फिरते आणि चाक निसटू नये म्हणून टोकाला खीळ घालतात. आऱ्यांची बाहेरची टोके पुठ्ठ्यांत अडकवलेली असतात व पुठ्ठ्यांवर धाव चढवलेली असते. धाव घेरापेक्षा किंचित लहान करून तापवली जाते. दीड मीटर व्यासाच्या चाकाच्या धावेचे तापमान सुमारे ४०० अंशांनी वाढवल्यास तिचा घेर दोन सेंटिमीटरहून थोडा अधिक वाढतो. पाणी ओतताच ती आकसते आणि पुठ्ठे, आरे व तुंबा यांना एकत्र आवळून धरते. लाकडी चाकाची सारी मजबुती या आवळण्यावर अवलंबून असते.

त्यामुळे खानदेशातील उन्हाळा हा अशा चाकाचा खरा शत्रू ठरतो. वैशाखात लाकूड सुकून आकसते, धाव सैल होते आणि आरे तुंब्यात खुळखुळू लागतात. चाके नदीत किंवा डबक्यात भिजत ठेवणे हा त्यावरील जुना उपाय आहे. मात्र आऱ्यांची भोके एकदा रुंदावली की भिजवूनही उपयोग होत नाही आणि तुंबाच बदलावा लागतो. आवणीला वंगण वरचेवर लागते. त्यासाठी वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगण्याची पद्धत होती.

बेअरिंगचा हब

टायरगाडीत तुंब्याची जागा ओतीव किंवा पोलादी हब घेतो. त्यात सहसा आत-बाहेर दोन बेअरिंग, धूळ रोखणारे सील आणि टोकाला पिनेने अडकवलेला नट असतो. लाकडी गाडीत घर्षण कमी भासते ते चाक मोठे आणि आख बारीक असल्यामुळे. टायरचे चाक व्यासाने बरेच लहान असते. त्याला साधी आवण बसवली तर ओढ वाढते. म्हणून टायर घेतला की बेअरिंग घ्यावेच लागते. केवळ तुंबा बदलून भागत नाही, आखही बदलतो.

या फरकाची दखल कायद्यानेही घेतली आहे. ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत दुचाकी गाडी ओढणाऱ्या लहान बैलासाठी बेअरिंग असल्यास १,००० किलो, हवेचे टायर असल्यास ७५० किलो आणि तसे टायर नसल्यास ५०० किलो अशी मर्यादा आहे. मोठ्या बैलासाठी हेच आकडे १,८००, १,३५० व ९०० किलो आहेत. या वजनात गाडीचे वजनही धरलेले असते. तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपू नये, असेही हे नियम सांगतात. खानदेशात ही अट उन्हाळ्यातील बहुतेक दिवसांना लागू होते.

नवा जोड की भंगारातील

हब नवा, गाडीसाठीच बनवलेला घेता येतो किंवा मोडीत निघालेल्या मोटारीचा आखासह मिळतो. दुसरा पर्याय स्वस्त असल्याने वेल्डिंगच्या दुकानांतून लोकप्रिय झाला. त्यात धोका हबाच्या ताकदीचा क्वचितच असतो. मोटारीचा हब गाडीच्या भाराला सहसा पुरून उरतो. अडचण येते ती जुळणीची: झिजलेली बेअरिंगची बैठक, दुसऱ्याच मापाचे सील आणि नंतर जोडलेल्या आखाचा वाकडेपणा. दोन्ही हब एका रेषेत नसतील तर टायर एका बाजूने झिजतो आणि ओढीचा जादा भार बैलांच्या मानेवर येतो. चाक उचलून हाताने फिरवल्यास व हलवून पाहिल्यास बेअरिंगचा खरखराट आणि ढिलेपणा कळतो.

हलके फिरणे सर्वत्र फायद्याचे नसते. उतारावर बेअरिंगची गाडी बैलांना पुढे ढकलते; त्यामुळे तिला ब्रेक हवाच, आणि तो भंगारातील जोडात अनेकदा काढून टाकलेला असतो. पावसाळ्यात चिखलाने भरलेल्या खोल चाकोरीतून उंच लाकडी चाक गाडीचा तळ टेकू न देता निघते. रुंद टायर जमिनीत कमी रुततो, पण लहान व्यासामुळे आखच चिखलाला लागतो. बाभळीच्या काट्याने टायर पंक्चर होणे ही शेतरस्त्यावरील नित्याची बाब आहे. डांबरी रस्त्याने बाजार समितीत कापूस किंवा धान्य नेणाऱ्यास टायरगाडी सोयीची पडते, तर बांधावरून खत आणि चारा वाहणाऱ्याकडे लाकडी तुंबा अधिक काळ टिकून राहिला. लाकडी तुंबा बांधणारे सुतार आणि धाव चढवणारे लोहार कमी होत गेल्याने ही निवड मात्र पूर्वीइतकी खुली उरलेली नाही.