सहा हजार गोळ्या आणि बदललेली दारू

मार्च १९११. अमेरिकन सैन्याच्या चाचणी-समितीसमोर दोन नवी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं आहेत, एक सॅव्हेज कंपनीचं आणि दुसरं कोल्टचं. प्रत्येकातून सहा हजार गोळ्या झाडायच्या. शंभर झाल्या की पाच मिनिटं गार होऊ द्यायचं, हजार झाल्या की साफ करून तेल द्यायचं, की पुन्हा सुरू. सॅव्हेज एकूण ३७ वेळा बिघडलं. कोल्ट एकदाही नाही. त्यानंतर चेपलेली काडतुसं घालून बघितली, पिस्तुलं आम्लाने गंजवली, वाळूत आणि चिखलात बुडवली. २९ मार्चला कोल्टवर शिक्कामोर्तब झालं आणि त्या मॉडेलला वर्षाचंच नाव मिळालं : एम १९११.

मी सॉफ्टवेअर लिहितो. पिस्तूल मी कधी हातात धरलेलं नाही आणि धरायची हौसही नाही. पण कुठलंही यंत्र का अडकलं याच्या जुन्या नोंदी वाचायचा मला नाद आहे, आणि बंदुकांच्या इतिहासात अशा नोंदींचा खजिना आहे. कारण तिथे बग म्हणजे ॲप बंद पडणं नव्हे.

आधी अडकणं म्हणजे काय ते बघू. चाप ओढला की गोळी पुढे सुटते आणि त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते. मागे जाताना ती रिकामं काडतूस ओढून बाहेर फेकते. खाली मुठीत मॅगझिन असतं. त्यातली स्प्रिंग पुढचं काडतूस वर ढकलते आणि स्लाइड पुढे येताना ते चेंबरमध्ये सारते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. आता यात काय काय बिनसू शकतं? स्प्रिंग मऊ पडली, तर काडतूस उशिरा वर येतं. मॅगझिनचे वरचे ओठ किंचित वाकले, तर ते चुकीच्या कोनात येतं. काडतुसात दारू कमी पडली, तर स्लाइड पुरती मागेच जात नाही. नवं पिस्तूल असेल तर भाग एकमेकांवर घासून अजून गुळगुळीत झालेले नसतात. आणि पकडणाऱ्याचं मनगट सैल असेल, तर धक्का स्लाइडऐवजी हातातच जिरतो. (दारू म्हणजे इथे दारूगोळ्यातली. तुमच्या डोक्यात आली ती नव्हे.)

म्हणजे अडकतं ते एकटं पिस्तूल नसतं. काडतूस, मॅगझिन, पिस्तूल आणि माणूस अशी चार कड्यांची साखळी असते, आणि बिघाड बहुतेक वेळा दोन कड्यांच्या मधे दडलेला असतो.

कोल्टचं ते शून्य आकाशातून पडलं नव्हतं. फिलिपिन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढताना .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या त्यांना थोपवायला अपुऱ्या पडतात, अशा तक्रारी आल्या. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्द या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत जनावरांवर आणि मृतदेहांवर चाचण्या घेतल्या (वाचवत नाही तो अहवाल) आणि .४५ ची शिफारस केली. १९०७ मध्ये स्प्रिंगफील्डला पिस्तुलांची स्पर्धा झाली. त्यात जर्मन ल्यूगरही होतं. कुणीच पूर्ण पास झालं नाही. शेवटी कोल्ट आणि सॅव्हेजची प्रत्येकी २०० पिस्तुलं घोडदळाला वापरायला दिली आणि तक्रारी मागवल्या.

मला हा टप्पा सगळ्यात आवडतो. ब्राउनिंग हा युटामधल्या ऑग्डेन गावातल्या बंदूक-कारागिराचा मुलगा. प्रत्येक फेरीनंतर तो पिस्तूल पुन्हा खोलायचा. नळी खाली झुकवणारे आधी दोन दुवे होते, त्यांचा एकच केला. मुठीचा कोन बदलला. १९०५, १९०७, १९०९, १९१० अशी मॉडेलं येत गेली. १९११ चं पिस्तूल म्हणजे सहा वर्षांच्या तक्रारींचं उत्तर होतं.

आता याच सैन्याच्या आणखी एका नव्या शस्त्राकडे येऊ, अर्ध्या शतकानंतरच्या. ते पिस्तूल नाही, रायफल आहे, पण चार कड्यांचं गणित तेच.

युजीन स्टोनरने बनवलेली एआर-१५ हलकी होती, सुरुवातीच्या चाचण्यांत चांगली चालली होती. १९६३ मध्ये अमेरिकेने एकदम १,०४,००० रायफली मागवल्या. पुढे तिचं नाव एम-१६ झालं. सैन्याने गोळीसाठी सेकंदाला ३,२५० फूट वेगाची अट घातली. मूळ दारू ड्यूपॉंची होती. दाबाच्या मर्यादेत राहून हा वेग मोठ्या उत्पादनात सातत्याने देता येईना. म्हणून १९६४ मध्ये ऑलिन कंपनीची बॉल पावडर आली. ही दारू वेगळ्या तऱ्हेने जळते. रायफलची यंत्रणा त्यामुळे ठरल्यापेक्षा जोरात धावू लागली, मिनिटाला हजार गोळ्यांच्या घरात. रिकामं काडतूस चेंबरच्या भिंतीला अजून चिकटलेलं असतानाच ते ओढलं जाई. शिवाय या दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या नळीत साचू लागला. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे व्हिएतनामच्या दमट हवेत ते गंजत होतं. त्याच सैन्याच्या आधीच्या एम-१४ रायफलीच्या नळीला मात्र तो मुलामा होता. म्हणजे धडा ठाऊक होता.

खरी चीड येते ती पुढे. नव्या दारूने रायफली वेगाच्या मर्यादेत बसत नाहीत, असं कोल्टने कळवलं. तेव्हा सैन्याने कारखान्यातल्या चाचण्या जुन्या दारूने घ्यायला परवानगी दिली. रायफल जुन्या दारूवर पास व्हायची आणि नव्या दारूसकट जंगलात जायची. आमच्याकडे टेस्ट सर्व्हरवर एक लायब्ररी आणि प्रॉडक्शनवर दुसरी ठेवली, तर रात्री दोनला फोन वाजतो. तिथे चेंबरमध्ये काडतूस रुतून बसायचं आणि नळीत पुढून सळई घालून ते ठोकून काढावं लागायचं, समोरून गोळीबार चालू असताना. त्या सळयाही पुरेशा पोचल्या नव्हत्या, कारण या रायफलीला सफाई फारशी लागत नाही असा समज पसरला होता.

तक्रारी आल्यावर वरून ठरलेलं उत्तर आलं : जवान रायफल साफ ठेवत नाहीत. चार कड्यांतली सगळ्यात स्वस्त कडी म्हणजे माणूस. त्याला दोष द्यायला ना कंत्राट बदलावं लागतं, ना सही मागे घ्यावी लागते.

मे १९६७ मध्ये खे सान्हजवळच्या टेकड्यांवर लढलेल्या एका मरीनचं पत्र न्यू जर्सीतल्या वर्तमानपत्रात छापून आलं. आमच्या जवळजवळ प्रत्येक मृत साथीदाराशेजारी त्याची खोललेली रायफल पडली होती, तो ती दुरुस्त करायच्या प्रयत्नात होता, असं त्यात लिहिलं होतं. ते संसदेपर्यंत पोचलं. रिचर्ड आयकॉर्ड यांची उपसमिती चौकशी करतच होती. ऑक्टोबरमध्ये तिचा अहवाल आला : बिघाडांचं मोठं कारण दारूतला बदल, आणि दोष कळूनही तो न सुधारणारे अधिकारी गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवर आहेत.

मग भराभर सगळं झालं. चेंबरला क्रोम आलं, यंत्रणेचा वेग आवरणारा बफर बदलला, दारूतलं कॅल्शियम कार्बोनेट कमी केलं. सळया पोचल्या. १९६८ मध्ये सैन्याने कॉमिक्सचे दिग्गज विल आयझनर यांच्याकडून ३२ पानांची रंगीत पुस्तिका काढून घेतली. रायफल कशी खोलायची, कुठे तेल द्यायचं, कुठे नाही, हे त्यात चित्रांतून सांगितलं होतं. मी पाहिलेल्या तांत्रिक पुस्तिकांत ती सर्वोत्तमांपैकी आहे. खिशात मावेल एवढी, जंगलात उघडून वाचता येईल अशी. एम-१६ तेव्हा तीन वर्षं लढाईत होती.