सिंगापूर ग्रां प्री
मरीना बे परिसरातील सार्वजनिक रस्त्यांवर रात्री भरणारी फॉर्म्युला वन मोटारशर्यत. अप्पर थॉमसन रोडवर १९६१ पासून होणाऱ्या शर्यती अपघात व वाहतुकीच्या खोळंब्यामुळे १९७३ नंतर थांबल्या. २००८ मध्ये फॉर्म्युला वनमधील पहिली रात्रशर्यत येथे झाली. फेर्नांदो आलोन्सो विजयी ठरला. मार्ग सुमारे ५ किमी. असून जुन्या, अरुंद अँडरसन पुलावरून जातो. खर्चाचा ६०% वाटा सरकारने उचलला. हॉटेले व पर्यटनव्यवसाय यांचा शर्यतीला पाठिंबा लाभला; रस्ते बंद राहत असल्याने लगतच्या दुकानदारांनी मात्र तक्रारी केल्या.

शर्यत सुरू होण्याच्या काही वर्षे आधी सिंगापूरमध्ये पर्यटनाशीच निगडित असा कॅसिनोंचा वाद पेटला होता. धार्मिक संघटनांनी जुगाराचे व्यसन व कुटुंबांची वाताहत यांवर बोट ठेवले. समर्थकांनी रोजगार व पर्यटन पुढे केले. एप्रिल २००५ मध्ये पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी दोन कॅसिनो-संकुलांना संमती जाहीर केली. ती २०१० मध्ये उघडली. विदेशी पर्यटकांना प्रवेश निःशुल्क आहे. नागरिक व कायम रहिवाशांवर मात्र दिवसाला १०० सिंगापूर डॉलर (२०१९ पासून १५०) कर असून, जुगारी व्यक्तीवर कुटुंबीय प्रवेशबंदी मागू शकतात. (→ जुगार, मकाव, मांडवीतील तरंगते कॅसिनो).