कबुली आणि मौन : क्लोद सोते यांच्या अखेरच्या चित्रपटाची पूर्वपीठिका

फ्रेंच कथनपरंपरेत प्रेमापेक्षा प्रेमाची कबुली अधिक निर्णायक ठरत आली आहे. १६७८ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या मादाम द ला फायेत यांच्या ‘ला प्रँसेस द क्लेव्ह’ या कादंबरीत नायिका परपुरुषाविषयीची आपली ओढ स्वतःच्या पतीजवळच व्यक्त करते. ही कबुली कितपत उचित, असा प्रश्न ‘मर्क्यूर गालां’ या नियतकालिकाने त्याच वर्षी वाचकांपुढे ठेवला होता. दरबारी समाजात मौन हा सक्तीचा शिष्टाचार होता. त्यामुळे उच्चार हेच अतिक्रमण ठरे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सक्ती ओसरली. एरिक रोमेर यांच्या ‘ल ज्नू द क्लेअर’ (१९७०) मध्ये मध्यमवयाकडे झुकलेला जेरोम किशोरवयीन क्लेअरच्या गुडघ्याविषयी वाटणाऱ्या अभिलाषेचे सविस्तर विश्लेषण आपल्या लेखिका मैत्रिणीपाशी करतो. स्पर्श घडतो, तो लगेच कथन होतो आणि कथनातच विरून जातो. येथे भाषा अभिलाषेचे निरसन करते. मात्र जिच्याविषयी हे सारे बोलले जाते, ती क्लेअर या संभाषणाबाहेरच राहते.

सोते (१९२४–२०००) यांचा ‘नेली ए मस्यू आर्नो’ (१९९५) या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. निवृत्त न्यायाधीश व उद्योजक आर्नो कर्जात बुडालेल्या नेलीला ३०,००० फ्रँक देऊ करतो. पुढे ती त्याच्या आठवणी संगणकावर उतरवून देण्याचे काम पत्करते. मिशेल सेरो (जन्म १९२८) आणि एमान्युएल बेआर (जन्म १९६३) या नटांमधील पस्तीस वर्षांचे अंतर प्रत्येक चौकटीत दिसते; त्याचे निराळे निवेदन करावे लागत नाही.

नेली पतीपासून विभक्त होते, आर्नोचा विवाह पूर्वीच संपुष्टात आला आहे. बाह्य निषेध कोणताच उरलेला नाही. मग मौन कशासाठी? त्याचे उत्तर वयात शोधण्याचा मोह होतो. परंतु ते त्या रकमेत अधिक आहे. दोघांमध्ये पैसा आधीच येऊन बसला आहे. आर्नो बोलला, तर दान ही किंमत ठरेल. नेली बोलली, तर ती परतफेड ठरेल. उच्चारामुळे संबंधाचे व्यवहारात रूपांतर होईल, ही जाणीव दोघांनाही आहे. म्हणून या मौनाला सभ्यतेचे नाव देऊन थांबता येत नाही. ते नेलीचे स्वातंत्र्य राखते आणि त्याच वेळी आर्नोला नकारापासून वाचवते. ज्याच्याजवळ घर, पैसा आणि सांगण्यासारखे आयुष्य आहे, त्याला मौन परवडते, हेही विसरता येत नाही.

या दृष्टीने लेखनिकाच्या कामाची योजना मार्मिक आहे. आर्नो दिवसभर बोलतो, पण भूतकाळाविषयी. उच्चाराचा सारा अवकाश आठवणींनी व्यापल्यामुळे वर्तमान अनुच्चारित राहतो. शब्द उतरवून घेणारी नेली पुढे त्या मजकुरावर मतेही देऊ लागते. दोघांमधील एकमेव समान भूमी ती हीच. भोवती आर्नोचा ग्रंथसंग्रह विकला जात असतो आणि फळ्या रिकाम्या होत जातात.

निद्रिस्त नेलीच्या उघड्या पाठीवरून आर्नोचा हात स्पर्श न करता फिरतो, ते दृश्य रोमेर यांच्या गुडघ्याशेजारी ठेवून पाहावे. तेथे स्पर्श घडला आणि सांगितला गेला. येथे तो घडतही नाही, सांगितलाही जात नाही. आठवणींच्या पुस्तकात या रात्रीला जागा नाही. तिचा एकमेव साक्षीदार प्रेक्षक आहे, आणि व्यंजनेचा भार त्याच्यावरच येतो.

अखेरीस आर्नो पूर्वपत्नीबरोबर दीर्घ प्रवासाला निघतो. नेली पॅरिसमध्येच राहते. क्लेव्हच्या राजकन्येने बोलून पतीचा जीव गमावला आणि पतिनिधनानंतर मोकळी झाल्यावरही प्रियकराला नाकारले. सोते यांच्या पात्रांवर असा आघात होत नाही. त्यांचे नुकसान मोजता येत नाही, कारण त्याची नोंद कोणीच केलेली नाही. निषेधाने लादलेल्या मौनाला निदान इतिहास असतो. स्वेच्छेने स्वीकारलेल्या मौनाला तोही मिळत नाही.